न फुटणाऱ्या वड्या

“आजपासून या मुलखात साबणाची वडी फुटणार नाही!” असे गंभीरपणे जाहीर करून इनासने खोके ओटीवरून लाथेने खाली ढकलले.

खोके पायरीपायरीने गडगडत अंगणात गेले आणि पपईच्या बुंध्यावर आपटून थांबले. घोषणेला हजर असलेली एकुलती एक कोंबडी ओरडत कुंपणापार झाली. इनास काही वेळ उजव्या पायाचा अंगठा धरून बसला. मग लंगडत गेला, झाकण उचलले, वरचे तूस फुंकले आणि एकेक वडी उन्हात धरून पाहिली. सगळ्या शाबूत होत्या. फुटले होते ते अंगठ्याचे नख.

“बघ,” तो म्हणाला. कोणाला, ते त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

ठाण्याला परत येण्याआधी इनास मुंबईत एका गिरणीच्या धुलाईखात्यात होता. तिथून त्याने दोन गोष्टी आणल्या : साबण करण्याची विद्या आणि खोकला. खोकल्यावर त्याची बायको बिट्रिस काढा देई. बिट्रिसला माती दिल्यापासून खोकल्याचे कोणी मनावर घेतले नाही, आणि घरात ऐकू येणारा आवाज म्हणजे तेवढाच उरला.

साबण मात्र चालला. खोबरेल आणि सोड्याची ती वडी घाण झकास काढी, पण स्वभावाने पापड होती. घासलेटच्या डब्यांच्या जुन्या खोक्यांत पेंढा घालून इनास वड्या भरी. खोकी आगगाडीने कल्याणला पोपटशेटच्या दुकानात जात, आणि तिथे उघडली की आत निम्मा साबण नि निम्मा चुरा निघे. मग शनिवारी शेटचा माणूस महिपत चुऱ्याचे गाठोडे घेऊन ठाण्याला येई, ते ओटीवर सोडी आणि बदली वड्या मागे.

“हा साबण आहे का चणे?” महिपत विचारी.

“साबणच होता. तुमच्या हमालांनी हात लावला नि चणे झाले.”

“हमालांना बोलायचं काम नाही, इनासराव. वडीतच दम नाही.”

“दम तुमच्या शेटमधे नाही, महिपतशेट. म्हणून तर तुम्हाला धाडतो.”

भांडण चढले की दोघे एकमेकांना अहो-जाहो करत. उतरले की पुन्हा अरे-तुरेवर येत, आणि मग महिपत सुनेचा स्वयंपाक, कल्याणच्या बाजारातला तांदळाचा भाव, शेटचे घोरणे असे विषय एकामागून एक काढी. त्याची परतीची गाडी बऱ्याचदा चुके. मग पुढची येईपर्यंत पुन्हा हमाल.

या बोलण्यांनी इनासच्या कारागिरीला मात्र डाग लागत होता, आणि तो त्याला झोंबे. उपाय सुचला तो नाताळच्या मिस्साला. देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. पाद्रीबाबांचे प्रवचन लांबले, अर्धे गाव पेंगले, पण खांद्याला खांदा लागलेला असल्यामुळे पडले कोणीच नाही. उलट साध्या रविवारी, आजूबाजूला कोणी नसताना, इनास स्वतः एकदा डुलकीत आडवा झाला होता. वडी हिसक्याने फुटत नाही, हे त्याला तिथेच कळले. भोवती रिकामी जागा असते म्हणून ती फुटते.

घरी येऊन त्याने वड्यांचे कोपरे तासले. प्रत्येक वडी केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळली. मग आडव्या रचण्याऐवजी सगळ्या उभ्या लावल्या, एकीला एक भिडवून, आणि उरल्यासुरल्या फटींत भाताचे तूस ओतून खोके तळवे दुखेपर्यंत थोपटले. तीन खोक्यांचा माल दोन खोक्यांत बसला. अंगठ्याच्या परीक्षेनंतर त्याने तो कल्याणला रवाना केला.

शनिवारी त्याने ओटी सारवली. महिपतला काय काय ऐकवायचे ते मनाशी घोळवले. “कुठाय चुरा? दाखव की!” हे वाक्य त्याला विशेष आवडले होते.

महिपत आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. अखेर स्टेशनावरच्या एका ओळखीच्या माणसाकडून शेटचा निरोप आला : माल उत्तम, काही तक्रार नाही.

इनासने तो निरोप पपईला दोनदा सांगितला.

ज्याच्याबद्दल तक्रारच नाही त्या माणसाकडे कल्याणहून येणार कोण, हे ध्यानात यायला त्याला महिना लागला. एका दुपारी खोके भरताना त्याने ओंजळभर तूस काढून घेतले. वड्या जराशा कलल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. नंतर ती ओंजळ त्याने परत ओतली आणि वर आणखी एक. हातांना चोख कामाचीच सवय लागलेली. त्यांना खोटे काम सांगून जमेना. शनिवारी ओटी सारवणे तेवढे त्याने सोडून दिले.

आणि अशाच एका न सारवलेल्या शनिवारी महिपत गाठोडे घेऊन दारात उभा राहिला.

“काय म्हणावं तुम्हाला, इनासराव!” त्याने पायरीवरूनच सुरुवात केली. “शेट खवळलाय. सहा वड्या फुटल्या!”

“फुटल्या?”

“पापडासारख्या.”

इनासने गाठोडे सोडले. एक वडी घेतली, तिचे दोन तुकडे जुळवून पाहिले. गाडीच्या हिसक्याने फुटलेली वडी त्याने अंधारातही ओळखली असती. ती आधी कोपऱ्यात झडते, आणि भेगेत तूस शिरते. इथे कोपरे जागच्या जागी होते. वडी दगडाच्या एकाच घावात दोन व्हावी तशी मधोमध मोडली होती आणि आत तुसाचा कणही नव्हता. दुसरी तशीच. तिसरीही.

त्याने वर पाहिले. महिपत पपईकडे बघत होता.

“माझीच चूक,” इनास हळूच म्हणाला. “खोक्यातच दोष आहे.”

महिपत दचकला. “दोष? खोक्यात कसला दोष? अरे, हमाल हरामखोर आहेत!”

“हमालांना बोलायचं काम नाही, महिपतशेट. वडीतच दम नाही.”

“वडीला नाव ठेवायचं नाही, सांगून ठेवतो! अख्ख्या कल्याणात असली वडी नाही!”

“अहो, मी केली, मला ठाऊक नाही?”

“तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही इथं बसून! मी रोज बघतो!”

शेजारची बायजा भांडण ऐकून कुंपणाशी आली, थोडा वेळ थांबली आणि हसत घरात गेली. महिपतची पहिली गाडी चुकली. सुनेचा स्वयंपाक झाला. शेटचे घोरणे झाले. दुसरी गाडी चुकायच्या बेतात आली तेव्हा तो उठला, बदलीच्या सहा वड्या फडक्यात बांधल्या आणि अंगणात उतरला. चार पावले गेला, थांबला, आणि मागे न बघता म्हणाला,

“इनासा, एवढं कर. पुढल्या खोक्याला खिळे जरा कमी ठोक. उपटून परत बसवेपर्यंत शेटच्या दहा हाका होतात.”