आधी हाक, मग काम

मुलांनो, जरा डोळे मिटा. रिकाम्या काड्यापेट्यांचा फोन केलाय तुम्ही, आणि त्याचे दोरे नेलेत शेजारच्या तीन घरांत. दर वेळी नवा दोरा बांधायचा म्हणजे वेळ जातो, म्हणून प्रत्येक घराला दोन-चार दोरे बांधूनच ठेवलेत. बोलायचं झालं की मोकळा दोरा उचलायचा, बोलून झालं की जागेवर ठेवायचा. आता समजा, एका घरातल्यांनी त्यांच्याकडची टोकं गुपचूप सोडून दिली. तुमच्याकडची टोकं बांधलेलीच आहेत. तुम्ही बोलताय आणि उत्तराची वाट बघत बसलाय. दिसलं ना? आता एंजेलाकडे चला.

नाताळच्या सुट्टीत एंजेला आईबरोबर श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात आली होती. तिची आई मार्था तिथलं कॉम्प्युटरचं काम बघायची. दुपारी वजनकाट्यावर बनुबाईची उसाने लादलेली बैलगाडी अडली होती. आकडा दिसत होता, पण त्याची नोंद होईना, आणि नोंदीशिवाय गाडी पुढे सोडता येईना.

"मॅडम, रोज जेवणाच्या सुट्टीनंतर ह्येच," काट्यावरचा छगन म्हणाला. "बंद करून चालू करू का?"

"करू. त्याआधी मला एकदा बघू दे, कुठे अडतंय ते."

"तुमी बगा निवांत," बाहेरून बनुबाई म्हणाली. खर्ड्याकडून ऊसतोडीला आलेली बाई ती. "माज्या हरण्याला काय, उभं राह्याची हौसच हाय."

जू घासून तिच्या हरण्या बैलाच्या खांद्याची साल गेली होती. तो सारखा मान हलवत होता. एंजेलाला बघवेना.

"मम्मी, लवकर कर ना."

"सापडलं बघ. आपला प्रोग्राम मधे बसलाय आणि मागे तीन सर्व्हर आहेत. एक गाड्यांचे नंबर लावतो, एक वजन लिहितो, एक शेतकऱ्याला मेसेज पाठवतो. तिघांकडच्या लाइनी आपण जोडूनच ठेवतो."

"आपल्या काड्यापेटीच्या फोनसारख्या?"

"तशाच. जेवणाच्या सुट्टीत गाड्या येत नाहीत, लाइनी गप्प पडतात. बाकीचे दोघं त्या धरून ठेवतात. वजनवाला सोडून देतो, आणि सांगत नाही. आपण एका मेलेल्या लाइनीवर वाट बघतो, मग दुसरी घेतो, तीही मेलेली."

छगनने बंद करून चालू केलं, नवीन लाइनी जोडल्या गेल्या आणि नोंद झाली. गाडी हलली. एंजेला तिच्याबरोबर चालत गेली.

"उद्या बी हिथंच उभं करनार का तुजी आई?" बनुबाईने विचारलं.

"नाही, मावशी. पलीकडे कोणी नसताना आपण बोलत बसत होतो. मम्मी आता कॉम्प्युटरला आधी हाक मारायला शिकवणार आहे."

"आत्ता शिकवनार? आमी कुनाच्या कोपीत हाक मारल्याबिगर पाय ठिवत न्हाई. येवडा म्होटा कारखाना, आन् येवडी रीत न्हाई त्याला."

एंजेलाने हे सांगितलं तेव्हा मार्था हसली. तिने प्रोग्राममध्ये तेवढीच भर घातली. लाइन कामाला देण्याआधी तिच्यावर हाक मारायची. उत्तर आलं तर ती द्यायची, नाही आलं तर ती टाकून नवी जोडायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर काट्यावर पहिली गाडी नेमकी बनुबाईचीच आली. छगनने बटण दाबलं. एंजेला पडद्याकडे न बघता हरण्याकडे बघत होती.

"झाली नोंद," छगन म्हणाला. "हाना गाडी, मावशी."

हरण्याने मान हलवायच्या आत गाडी काट्यावरून उतरली.

संध्याकाळी एंजेला वाटीत तेल आणि हळद घेऊन ऊसतोडवाल्यांच्या तळावर गेली. बनुबाईची कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, उघडीच होती, दाराच्या जागी नुसतं पोतं टांगलेलं. धावत आत शिरणार, तोच ती थांबली.

"बनुमावशी, हाय का घरात?"

आतून काही आलं नाही. तिने वाटी सावरली आणि पुन्हा हाक मारली.

"हाय की गं पोरी, ये," कोपीच्या मागून, बैलांजवळून आवाज आला.

तेव्हा एंजेला वळसा घालून हरण्याकडे गेली.