दोन माणसांची गाडी

"आबा, डावा पाय मागं घ्या. ह्या गाडीत त्याला कामच न्हाय," संयोगिता पुन्हा म्हणाली.

"कळलं की गं! जन्मभर काय बैल हाकलं व्हय मी?" बाळासो गुरकावले आणि लेकीची नवी पांढरी छोटी गाडी त्यांनी गल्लीबाहेर काढली. चाकाखाली लिंबू चिरडून झालं होतं. आता रिवाजाप्रमाणे पहिली फेरी नृसिंहवाडीला, दत्ताच्या पायाशी. ती आपल्या हातानं व्हावी आणि मागं बायको तानाबाई बसलेली असावी, एवढीच बाळासोंची हौस होती. मग स्टेअरिंग कायमचं सोडायलाही त्यांची ना नव्हती.

तोंड मात्र गप्प बसत नव्हतं. त्यांची सगळी नोकरी विजयसिंह सरकारांच्या तांबड्या गाडीवर झाली. विलायती, उघड्या टपाची, बुटकी. सीट दोनच. सरकारांना शौक दांडगा पण हात कच्चा, म्हणून एका सीटवर सरकार आणि चालवायला हे. सरकार वारल्यावर त्यांच्या पोरांनी ती पुण्याच्या कुणा शौकिनाला विकली. ट्रकवर चढवून नेली, त्या दिवशी बाळासो जेवले नव्हते.

"हिला आवाजच न्हाय," ते कुरकुरले. "ती सुरू झाली की रंकाळ्यावरची माणसं वळून बघायची. गिअर टाकला की हाताला कळायचं, बाई राजी हाय. आन ही? फ्रिज चालवल्यागत वाटतंय!"

"फ्रिजात गारवा तरी हाय," संयोगिता हसली. "तुमची ती दर घाटात तापून उभी ऱ्हायची."

"तापणारच. खानदानी होती ती!"

"अवो, किती गुण गाताय तिचं?" मागून तानाबाई म्हणाल्या. "मी बसलो व्हय त्यात कधी?"

बाळासोंनी आरशातून तिच्याकडं बघितलं. लग्न नवं असताना तिला शब्द दिला होता, एकदा तुला ह्या गाडीतनं वाडीला नेतो म्हणून. सरकार नाही म्हणाले नसते. पण मालकाच्या सीटवर बायकोला कसं बसवायचं, या भिडेपोटी यांनी कधी विचारलंच नाही. तिनंही पुन्हा विषय काढला नव्हता.

शिरोलीजवळ उसाची ट्रॉली आडवी आली. बाळासोंचा डावा पाय सवयीनं क्लचवर गेला. क्लच नव्हताच, होता तो ब्रेक, आणि तो त्यांनी दणकून दाबला. गाडी जागेवर थांबली आणि तानाबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"लागलं का गं?"

"न्हाय वो. चला की तुम्ही," कपाळ चोळत तानाबाई म्हणाल्या.

बाळासोंनी गाडी कडेला घेतली आणि पट्टा काढला.

"आबा, व्हतंय असं. हळू चालवा."

"नगं. पाय ऐकंना झालाय माझा. तुझ्या आईला घिऊन परीक्षा न्हाय घ्यायची. तू चालव."

पुढची सीट मोकळी झाली होती, तरी ते मागं तानाबाईंशेजारी जाऊन बसले. गाडी निघाली. इथं बसून हातांचं काय करायचं, तेच त्यांना कळेना. गुडघ्यावर ठेवून बघितले, मग घडी घालून बघितली. तानाबाईंनी त्यातला एक ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि काचेतून बाहेर बघत राहिल्या.

"लांब हाय का वो वाडी?"

रस्ता दोघांनाही तोंडपाठ होता.

"हाय अजून," बाळासो म्हणाले.