डाव्या पायाचं लोखंड

शनिवारी संध्याकाळी अर्धं अ‍ॅडलेड मोटरसायकलींच्या शर्यतीला लोटायचं. थेल्माही यायची, पण मैदानाबाहेर गाडीत बसून विणकाम करायची. नवऱ्याची शर्यत तिने एकदाच पाहिली होती, तेवढ्यात हौस फिटली. त्या मोटरसायकलींना ब्रेकच नसत. डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधायचा, तो राखेच्या धावपट्टीवर टेकत वळणावर मागचं चाक घसरवायचं, आणि काही झालं तरी मनगटाने पिळून धरलेला थ्रॉटल सोडायचा नाही. हा खेळ काढताना कुणाच्या बायकोला विचारलं नसणार, हे थेल्माचं ठाम मत होतं.

तिचा नवरा क्लॅरी पार इंग्लंडची मैदानं गाजवून आला होता. गेल्या हंगामात मांडीचं हाड मोडलं आणि आज तो पुन्हा उतरत होता. ‘नको जाऊस’ हे शब्द महिनाभर थेल्माच्या ओठांवर होते. पण आपण अडवलं तर तो जन्मभर कुढेल, सोडायचं तर त्यानेच सोडावं, म्हणून ती तोंड शिवून बसली होती.

शर्यतीतली चारही इंजिनं एकदम किंचाळली. शेवटच्या फेरीत, ऐन वळणावर, त्यातलं एक गप्प झालं.

वळणावर कुणी इंजिन बंद करत नाही. माणूस पडला तरच ते गप्प होतं. थेल्मा धावत सुटली. लोकरीचा गुंडा गाडीच्या दारातून तिच्यामागे उलगडत आला.

फाटकाशी तिला आवाज आला. ठण्... खर्र. ठण्... खर्र. लोखंडी तळ सगळ्यांचेच वाजत, पण मांडी मोडल्यापासून असा फरफटत एकच जण चालायचा. क्लॅरी धडधाकट समोरून येत होता. मागे त्याचा मेकॅनिक वॅली तणतणत होता.

"अरे, इंजिन ठणठणीत आहे! सगळ्यांच्या पुढे होतास तू! बंद कशाला केलंस?"

"मी नाही केलं. मनगटानं केलं, मला न विचारता."

वॅलीने टोपी काढून डोकं खाजवलं. त्या धंद्यात मनगट असं वळलं की काय समजायचं, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"मग संपलं म्हणायचं, गड्या."

"संपलं." क्लॅरीने थेल्माकडे पाहिलं. "घाबरलो गं. लाज वाटते सांगायला."

"सुटले रे बाबा!" थेल्मा म्हणाली आणि भर गर्दीत हुंदके देऊन रडली. "पडलास असं वाटलं मला, गाढवा!"

"दर वेळी पडूनच थांबलोय. तुझं तरी काय चुकलं?"

घरी जाताना गाडी त्यानेच चालवली. चौक बराच लांब होता, तोच गाडी हळू झाली.

"काय रे? चौक कुठे आलाय अजून?"

"माहीत आहे," क्लॅरी म्हणाला. "ब्रेक आहे ना, तर दाबतो."