नसलेल्या नावाचं उत्तर

"मामा, तू गेल्यावर ही लायब्ररी कोण सांभाळणार?"

टकळीनं एका दमात विचारून टाकलं आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. खाली जिन्यात शिडी आणि भुणभुण, तिच्या दोघी मैत्रिणी, पैज लावून बसल्या होत्या. "तुझी हिंमतच होणार नाही," असं शिडी म्हणाली, तिथेच सगळा घोळ झाला. वक्तृत्वात पहिली आल्यापासून टकळीला हे वाक्य अजिबात सोसत नसे.

मामानं कीबोर्डवरची बोटं उचलली. त्याचं घड्याळ मनगटावरून घसरत पार कोपराजवळ आलं. गेल्या वर्षी ते घट्ट बसायचं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "कोणी पाठवलं तुला?"

"शिडीनं. म्हणजे, तुझी लायब्ररी घ्यायची की ती दुसरी, हे आज ठरवायचंय ना."

शाळेसाठी म्हणून सुरू झालेलं काम केव्हाच शाळेच्या बाहेर गेलं होतं. तिघींनी स्वतःची प्रोग्रामिंग भाषा रचली होती. तिच्यात लिहिलेलं संगणकाला कळेल असं करून देणारा कंपायलरही अर्धाअधिक झाला होता. आता हवी होती साठवलेली माहिती शोधून देणारी लायब्ररी, म्हणजे आयता जोडून वापरता येणारा कोड. एक मामानं अकरा वर्षं एकट्यानं लिहिलेली, दुसरी जगभर चालणारी, जिच्यामागे शंभर माणसं. निवडलेल्या लायब्ररीशी बोलायची रीत एकदा आपल्या भाषेत बसवली, की बदलायची म्हणजे पायापासून उकरायचं.

"ती दुसरी गोड आहे," टकळी म्हणाली. "कधी कुरकुर नाही. तुझी मेली सारखी अडते..."

तिनं जीभ चावली. मामा हसला. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबेना.

"इकडे ये," शेवटी तो म्हणाला.

त्यानं तिच्या वर्गाची यादी उघडली आणि यादीत नसलेल्याच एका मुलीचे गुण मागितले. दुसऱ्या लायब्ररीनं मुकाट्यानं रिकामी जागा दिली. प्रोग्राम खुशाल पुढे गेला आणि प्रगतिपुस्तक तयार झालं. नाव कोरं, गुण कोरे, शेरा 'उत्तीर्ण'. मग त्यानं आपल्या लायब्ररीला तेच विचारलं. सगळं थांबलं. पडद्यावर एकच ओळ आली : हे नाव इथे नाही.

"रिकामं दिलं की कोणाला वाईट वाटत नाही," मामा म्हणाला. "फक्त चूक फार उशिरा सापडते."

टकळी त्या ओळीकडे बघत राहिली. पडद्यावरून नजर न काढता तिनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"पुढचा उन्हाळा धरू नका, म्हणाले."

"आईला माहीत आहे?"

"ती रोज फोन करते. 'बरा आहेस ना?' म्हणते. उत्तर तिनंच भरून पाठवलेलं असतं, टकळे. मी नुसता 'हो' म्हणतो."

जिन्यात शिडी उठून उभी राहिली. "विचारलंस?"

"विचारलं. मामाचीच घेऊ या," टकळी म्हणाली. भुणभुणनं पैजेचं चॉकलेट पुढे केलं. ते तिनं न उघडताच दप्तरात टाकलं.

घरी बाबा टेबल पुसत होते, आई ताटं मांडत होती.

"मामाकडे गेली होतीस ना? बरा आहे ना गं तो?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. टकळीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आम्ही मामाची लायब्ररी घेतली. यापुढे ती मी सांभाळणार. उद्यापासून शाळेतून थेट त्याच्याकडे जाईन, तो शिकवेल."

"अगं, परीक्षा तोंडावर आलीय," बाबा म्हणाले. "झाली की जा ना."

"नाहीतर काय," आई म्हणाली. "तो जरा बरा झाला, की तुम्ही दोघं बसा निवांत..."

"नाही, आई."

आईच्या हातातलं ताट टेबलापासून वीतभर वरच राहिलं. बाबांचं फडकंही थांबलं.

"उद्यापासूनच," टकळी म्हणाली. "आणि उद्या तू माझ्याबरोबर येणार आहेस."