मास्तरांचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. घरातला, खिडकीशेजारच्या टेबलावरचा. सुरू व्हायला मला इतका वेळ लागतो, की तेवढ्यात माणसाचा चहा पिऊन होतो. या घरी आलो तेव्हा मात्र मी चांगला चुणचुणीत होतो. घरात माणसं दोनच, गाणं शिकवणारे मास्तर आणि त्यांची मुलगी.

मुलगी इस्पितळात नर्स. मास्तरांच्या गाण्याच्या कॅसेट झिजत चालल्या, तेव्हा तिने एकेक करून ती सगळी गाणी माझ्यात उतरवली आणि कॅसेट टाकून दिल्या. "आता काळजी नाही, बाबा," ती म्हणाली. त्या दिवसांत माझं काय कौतुक होतं! येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्यासमोर बसवून गाणं ऐकवलं जाई.

पुढे मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलत आणि दुपारी माझ्यासमोर बसून स्वतःचंच गाणं ऐकत, टेबलावर बोटांनी ताल धरत. त्यांचा आवाज आता फक्त माझ्याकडे होता. मला त्याचा फार अभिमान वाटे.

गाण्यामागची खरखर काढावी म्हणून त्यांनी एकदा इंटरनेटवरून फुकटचा प्रोग्राम घेतला. फुकट ते पौष्टिक म्हणतात, हे मात्र पचलं नाही. त्याच्या आडून एक हेर आत शिरला आणि कोण काय टाइप करतं ते बाहेर कळवू लागला. मग पडद्यावर सूचना झळकली, "तुमच्या संगणकात व्हायरस आहे. साफ करण्यासाठी इथे दाबा." मास्तरांनी भाबडेपणाने दाबलं, खरा व्हायरस तेव्हाच आत आला आणि मी आगीतून फुफाट्यात पडलो.

मुलगी सुट्टीच्या दिवशी इंटरनेटची वायर काढून माझी झाडलोट करी, नको ते प्रोग्राम उडवी. मी बंद होऊन पुन्हा सुरू झालो की पहिले पाढे पंचावन्न. त्यातच व्हायरसने खरी गाणी दडवली आणि त्यांच्या जागी त्याच नावांच्या पोकळ खुणा, म्हणजे शॉर्टकट, ठेवल्या. खुणेवर दाबलं की दडवलेलं गाणं वाजे, म्हणून कोणाला शंका आली नाही. मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारतो?

शेवटी तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"ताई, तो मुळाशी जाऊन बसलाय," तो म्हणाला. "सगळं पुसून नव्याने भरा. आधी हवं ते पेन ड्राइव्हवर काढून घ्या, म्हणजे झालं."

तिने काढून घेतलं. मास्तरांची आयुष्यभराची गाणी डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरली. उतरल्या होत्या नुसत्या खुणा. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी टेबलावर टकटक केलं, पाटीवर "इतक्या लवकर?" असं लिहिलं आणि पाटी वर धरली.

"थांबा ना, बाबा. मला रात्री ड्युटीवर जायचंय. एवढं झालं की बघते," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

मी कोरा करकरीत झालो. सगळं नव्याने भरून झाल्यावर तिने पेन ड्राइव्ह लावला आणि पहिल्या गाण्यावर दाबलं. फाइल सापडत नाही. दुसऱ्यावर दाबलं, तिसऱ्यावर दाबलं. तेच.

"मी काय करून बसले, बाबा," ती म्हणाली आणि रडू लागली. मास्तरांनी आधी पाटी उचलली. तिच्यावरची अक्षरं मुलीला दिसायच्या आत त्यांनी बाहीने पुसली आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुरुस्तीवाल्याने पुढे पुष्कळ शोधलं, पण गाण्यांच्या जागेवर नवं लिहिलं गेलं होतं. मास्तर दुपारी अजून माझ्यासमोर बसतात. बोटं मात्र हलत नाहीत, आणि ते मला बघवत नाही.

मित्रांनो, जे पुन्हा मिळणार नाही ते दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि पुसण्याआधी त्याची प्रत उघडून बघा. आणि ज्याला बोलता येत नाही असं कोणी तुमच्या शेजारी पाटी धरून उभं असेल, तर कितीही घाई असो, मान वळवून तेवढी वाचा.