सुगिनेम आजीचा हात

सुगिनेम आजीच्या उजव्या हाताची पाठ हाच अख्ख्या गल्लीचा थर्मामीटर होता. कुणाचं पोर किरकिरलं की आई त्याला काखोटीला मारून थेट आजीच्या ओट्यावर हजर. आजी कपाळावर हाताची पाठ टेकवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची: ताप आहे, ताप नाही, किंवा अंगात वारं शिरलंय. वारं शिरलं असेल तर इलाजही तिच्याचकडे. पाठीला तेल चोळायचं आणि तांब्याच्या जुन्या नाण्याने लाल पट्टे उठेपर्यंत खरवडायचं. जावा बेटावरच्या क्लातेन गावातल्या त्या गल्लीत पट्टेरी पाठ घेऊन हिंडणाऱ्या माणसाला काय झालं म्हणून कुणी विचारत नसे.

त्यामुळे सून वेनिंगने औषधाच्या दुकानातून डिजिटल थर्मामीटर आणला, तेव्हा घरात सवत आल्यासारखा आजीचा चेहरा झाला.

दुसऱ्या दिवशी नात किनासिहला पहिल्यांदा जमिनीवर उतरवायचं होतं. पोर सात महिन्यांचं झालं की त्याच्या जन्मवारीच ते करायचं असतं, आणि पाच दिवसांच्या बाजारचक्राशी जुळणारा तो वार पाच आठवड्यांतून एकदाच येतो. मुलगा प्रासोजो त्यासाठी दूर बाताम बेटावरच्या कारखान्यातून रजा काढून आला होता. पुढच्या वेळी त्याला कुणी सोडणार नव्हतं. अंगणात उसाची शिडी बांधून झाली होती. तिच्यावरून नातीला चढवायचा मान आजीचा होता, आणि हे तिने गल्लीत इतक्या वेळा सांगितलं होतं की लोक तिला बघून रस्ता बदलू लागले होते.

सकाळी आजीने सवयीने नातीच्या कपाळाला हात लावला आणि तिच्या काळजात धस्स झालं. पोर गार पडलं होतं.

"वेनिंग, हिच्या अंगात वारं शिरलंय. छोटे कांदे ठेच आणि तेलात घालून आण. चोळायला हवं."

वेनिंगने कांदे आणले नाहीत, थर्मामीटर आणला. बाळाची काख कोरडी पुसली, यंत्राचं टोक नीट आत धरलं, इवलासा हात अंगाशी दाबून ठेवला आणि यंत्र वाजेपर्यंत थांबली.

"छत्तीस पूर्णांक आठ. अगदी छान आहे, इबू." नवऱ्यासारखीच तीही सासूला इबू, म्हणजे आई, म्हणायची.

"तुझं ते यंत्र बाजारातून आलंय. माझा हात आईच्या पोटातून आलाय."

वेनिंगने यंत्र पुसून डबीत ठेवलं. सासूशी वाद घालायचा तर आधी पोटभर जेवून घ्यावं लागतं, एवढं तिला या घरात आल्यापासून कळलं होतं.

आजीने मग पोराच्या बापाला पकडलं. प्रासोजो ओट्यावर भजी खात होता. तोही गार. पुढच्या क्षणाला त्याचा सदरा खुंटीवर आणि तो पालथा.

"इबू, हळू. कातडी माझी आहे."

"दिली कुणी? गप पड."

शेजारची दार्मी केळीची पानं द्यायला आली. आजीने तिचंही कपाळ चाचपलं. तीही गार. दुधवाल्याची तीच गत. शेवटी बांधलेल्या बकरीच्या कानाला हात लावून आजी मटकन खाली बसली.

"सगळी गल्ली गारठलीय," ती म्हणाली. "हवाच बिघडलीय. मला बघ, दुसरं लुगडं गुंडाळलं तरी हुडहुडी जात नाही. उद्याचं रद्द करा. असल्या वाऱ्यात पोर उतरवायचं नाही."

आता मात्र वेनिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "यांची रजा संपते, इबू. बापाशिवाय उतरवायचं का तिला?"

"तिला काही झालं तर बाप घेऊन काय करू?"

आजी तिरसटपणे बोलत नव्हती, ती खरोखर घाबरली होती. तिचा आवाज कापत होता. ते ऐकून वेनिंग तिच्याकडे बघत राहिली. भर उन्हात दोन लुगडी. लालभडक गाल. बाळ, नवरा, दार्मी, दूधवाला, बकरी, सगळे एकदम गार कसे पडतील? या सगळ्यांना एकच हात लागला होता.

तिने पुढे होऊन तो हात धरला. तव्यावरून काढल्यासारखा तापला होता.

"हे काय करतेस?"

"काख पुसते. बसा गप." पहिल्यांदाच वेनिंगने सासूला असं म्हटलं, आणि पहिल्यांदाच सासू गप्प बसली.

यंत्र वाजलं. एकोणचाळीस पूर्णांक एक.

आजीने आकडा पाहिला, मग आपला हात पाहिला. इतकी वर्षं सांभाळलेलं माणूस खोटं बोलताना सापडावं तसं तिला झालं. खरवडलेल्या पाठीवर सदरा चढवत प्रासोजो म्हणाला, "म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, व्हायरल ताप दिसतोय, भरपूर पाणी प्या, उतरला नाही तर रक्त तपासू. आणि तोवर बाळाला हात लावायचा नाही.

घरी आल्यावर वेनिंगच म्हणाली, "पुढे ढकलू या, इबू. शिडीवर तुम्हीच चढवा तिला."

आजीला मोह झाला. खूप झाला. पण अंगणात प्रासोजो शिडीचा एकेक ऊस हलवून बघत होता, पक्का आहे ना म्हणून. "उद्याच करा," ती म्हणाली. "चढवू दे त्याला. मी खिडकीत बसते."

दुसऱ्या दिवशी नव्या झग्यातली किनासिह बापाच्या हातांत शिडी चढली. आजी खिडकीआड तोंडाला पदर लावून रडली आणि मधूनमधून ओरडत राहिली, "अरे, उजवा पाय आधी." मग रिवाजाप्रमाणे पोराला कोंबड्यांच्या डालग्याखाली बसवलं; ते जी वस्तू उचलेल त्यावरून पुढे काय होणार ते ठरतं. समोर पेन, अंगठी, कात्री, आरसा, आणि वेनिंगने ठेवलेला थर्मामीटर. किनासिहने थर्मामीटर उचलून तोंडात घातला.

"डॉक्टर होणार," दार्मी म्हणाली.

"काखेत लावतात तो," खिडकीतून आवाज आला. वेनिंग हसून भिंतीला टेकली.

ताप उतरायला आठवडा गेला. मग एका सकाळी आजीने स्वतः थर्मामीटर मागितला, काख पुसली आणि तो वाजेपर्यंत श्वास रोखून बसली.

"किती?"

"छत्तीस पूर्णांक सहा."

"म्हणजे हात चांगला आहे?"

"चांगला आहे."

"मग आण तिला."

आजीने नातीच्या कपाळावर हाताची पाठ टेकवली आणि डोळे मिटले. या वेळी निकालाला फार वेळ लागला. बाळ कंटाळून तिचं बोट चावू लागलं, तरी तिने हात काढला नाही.