घरचा माणूस

"गिऱ्हाईक 'एकदाच, एकदाच' म्हणेल. सांगायचं, मरतातही एकदाच. पाकीट नाही, तर दार तिकडं आहे."

मास्तरीण नव्या मुलीला शिकवत होती. दवाखान्यातून मिळणारी निरोधची पाकिटं ती गल्लीभर वाटायची, अडून बसलेल्या गिऱ्हाइकाशी भांडायलाही जायची, म्हणून हे नाव. एरवी ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती.

"आणि तुमचे ड्रायव्हर?" मुलीने विचारलं.

"ते काय गिऱ्हाईक आहेत?" मास्तरीण फणकारली.

ड्रायव्हर तिच्या मुलखातला. या परक्या शहरात तिची बोली बोलणारा तो एकटाच. बाकी पुरुषांना अरे-तुरे, याला मात्र अहो-जाहो. पाकीट धंद्याला, घरच्या माणसाला कसलं पाकीट? जगाला शहाणपण शिकवणारी बाई स्वतःच्या दाराशी आली की अशी आंधळी व्हायची.

या खेपेला तो बऱ्याच महिन्यांनी आला. शर्ट अंगावर लोंबत होता, खोकला थांबत नव्हता. जेवताना म्हणाला, "बायको गेली. ताप उतरेचना. शेवटी हाडं तेवढी उरली होती."

असा ताप मास्तरणीने गल्लीत पाहिला होता.

दुपारी तिने उशाखालून पाकीट काढलं. "अहो, आज हे घ्या. उद्या दोघं दवाखान्यात जाऊ, रक्त तपासू."

"मला?" तो बघतच राहिला. "गिऱ्हाइकांना देतेस ते मला? म्हणजे मीही त्यांच्यातलाच." तो उठून शर्ट घालू लागला. "म्हटलं, बायको गेली, तू तरी आहेस."

गिऱ्हाइकाच्या प्रत्येक सबबीला तिच्याकडे उत्तर होतं. याला नव्हतं. हा गेला की तिला नावाने हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं, आणि तिला मरणापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली. तिने त्याची बाही धरली.

"राहू द्या ते. बसा."

पाकीट तिने पुन्हा उशाखाली सारलं.

नंतर तो झोपला. तेवढ्यात दारावर थाप पडली. नवी मुलगी रडकुंडीला आली होती, मागे एक दांडगा माणूस.

"मास्तरीणबाई, हा ऐकतच नाही."

मास्तरणीने केस बांधले, बाहेर येऊन दार ओढून घेतलं. "पाकीट नाही तर चालू लाग," ती कडाडली. "इथं कुणाचा जीव वर आलेला नाही."

तो पुटपुटत निघून गेला. मुलगी तिच्याकडे कौतुकाने बघत राहिली. दाराआड ड्रायव्हर खोकत होता.